खळीचा वाडगा

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

तू लग्न होऊन आलीस त्या आठवड्यातली ती दुपार तुला आठवते का? मी पुढे दुकानात पुस्तकाचे फर्मे शिवत बसले होते आणि आत शेगडीवर खळ शिजत होती. पुस्तकबांधणीच्या घरात पिठाची खळ रोज शिजते हे तुला माहेरी कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही सांगायचं विसरलो. मामंजी जेवायला बसले. नव्या सुनेने काहीतरी गोड वाढावं म्हणून तू इकडेतिकडे पाहिलंस. पातेल्यात पांढरं, मऊ काहीतरी दिसलं. त्यात दूध-साखर घालून तू पितळी वाडगा भरलास आणि त्यांच्यापुढे ठेवलास. मी दारात पोचले तेव्हा त्यांचा शेवटचा घास चालला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. हात धुऊन म्हणाले, "छान होतं, सूनबाई. आज पोटाची बांधणी पक्की झाली."

नंतर तुला कळलं तेव्हा तू रडलीस आणि मग आपण दोघी मागच्या पायरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. त्याच संध्याकाळी मामंजींनी घराला एक नियम घालून दिला. खळीला कीड लागू नये म्हणून आपण तिच्यात मोरचूद घालतो, आणि तो विषारी. त्या दुपारी तो अजून पडायचा होता, म्हणून निभावलं. म्हणून मोरचुदाची निळी बरणी दुकानातच राहील, आणि मोरचूद पडलेली खळ स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. आपण दोघींनी शाळकरी मुलींसारख्या माना डोलावल्या.

इतक्या वर्षांनी हे का उकरून काढते आहे म्हणशील. काल तुझ्या मुलाचा फोन आला होता. ऑपरेशननंतर तुझी नजर परत आली नाही, हे मला ठाऊक होतं. तू जेवत नाहीस हे काल कळलं. ताट पुढे आलं की वाडग्यात बोट फिरवतेस, हुंगतेस आणि बाजूला सारतेस. डॉक्टर म्हणतात पोटात काही दोष नाही, पण असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत. "बायको रडते हो मोठ्या आई," तो म्हणाला. "तिला वाटतं, आईला तिच्या हातचं चालत नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, धाकटे. ते माझ्याबद्दल होतं.

काही वर्षांनी तो नियम मोडला त्या दिवशी मी माझ्या जुन्या कॉन्व्हेंटात बांधलेली पुस्तकं पोचवायला गेले होते. खळ तुझ्या वाट्याला होती. ती घट्ट झाली म्हणून पुन्हा ऊन करायला तू पितळी वाडग्यातून आत आणलीस आणि कामाच्या घाईत फळीवर ठेवून विसरलीस. त्याच फळीवर सासूबाईंचा दूधभात असायचा. त्यांना दिसत नव्हतं, चाचपून हाताला लागलं ते त्यांनी खाल्लं. मी परत आले तर डॉक्टर उशाशी बसलेले, सगळं घर उभं, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताईंनी सकाळी ठेवला होता वाडगा."

मी काहीच बोलले नाही. कॉन्व्हेंटात शिकले होते की मोठ्यांदा वाद घालणं असभ्य आहे. तेवढं शिक्षण मला फार महागात पडलं.

सासूबाई वाचल्या, पण घसा कायमचा बिघडला आणि त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा सोडलं. भावाभावांची आधीपासूनची कुरबुर होतीच, तिला निमित्त मिळालं. दिवाणखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. सासूबाई तुझ्या बाजूला गेल्या. देवघराचीही वाटणी झाली, समई आमच्याकडे आली आणि घंटा तुमच्याकडे गेली. ह्यांनी मला कधी विचारलं नाही की खरं काय. तो त्यांचा मोठेपणा होता की भित्रेपणा, हे ते गेल्यावरही मला ठरवता आलेलं नाही.

आळ घेतलास त्याचं दुःख केव्हाच बोथट झालं. सासूबाईंना भरवायचा माझा घास तू काढून घेतलास, तो मात्र अजून घशात अडकलेला आहे.

आणि आता न दिसणाऱ्या वाडग्यापुढे तू बसली आहेस. तुझी भूक मेलेली नाही, तुला भीती वाटते. त्यात काय असेल याची. ही भीती जगात मला एकटीलाच कळू शकते, म्हणून लिहिते: मी तुला माफ करायला तयार आहे. जेव.

तुझी
ताई

१० जानेवारी

वरचं पत्र पाठवणार नाही. पाकिटावर तिकीट लावलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला की तू वाचू शकत नाहीस. वाचणार तुझी सून. ती लग्न होऊन आल्यापासून तुझ्याच तोंडून ऐकत आली आहे की थोरल्या जावेच्या हातून वाडगा राहिला. "माफ केलं" असं मी लिहिलं, की चूक तुझी होती हे तिला माझ्याच अक्षरात कळणार. आंधळ्या बाईला जिच्या आधाराने दिवस काढायचे, तिच्यासमोर मी तुझा पदर ओढायचा?

माफ केल्याचं तोंडातून न काढता माणसाला माफ कसं करतात, हे शाळेत कुणी शिकवलं नाही. नवं पत्र लिहावं लागणार. हे कपाटात, ह्यांच्या चष्म्याखाली.

१२ जानेवारी

प्रिय धाकटे, आणि हे वाचून दाखवणाऱ्या सूनबाईला आशीर्वाद,

तुझ्या मुलाशी फोनवर बोलणं झालं. तू उपास धरलेस असं कळलं. कोणत्या देवाला काय साकडं घातलं आहेस ते तरी सांग, म्हणजे मीही जोडीने धरते. या वयात मला बारीक व्हायला आवडेल.

दुकान चालू आहे. कटिंग मशीनवर आता मी बसत नाही, हात थरथरतो. शिवणकाम मात्र अजून करते. दोन मुली मदतीला येतात. थोरली शिवते झकास, पण बोलते फार, धाकटी मुळीच बोलत नाही. दोघींना समोरासमोर बसवलं आहे, आपण बसायचो तसं. माझ्या कॉन्व्हेंटातून अजून जुनी पुस्तकं येतात. मागच्या आठवड्यात एक पुस्तक उसवलं तर पाठीत तुझे टाके निघाले. तुझी गाठ उलटी असायची ना, मामंजी ओरडायचे. इतकी वर्षं ती उलटी गाठ सुटली नाही. मी ती तशीच ठेवली.

सूनबाई, तुझ्या सासूबाई मला "सिस्टर" म्हणायच्या, हे त्यांनी तुला सांगितलंय का? मी सकाळी उठून इंग्रजीत पाढे म्हणायची आणि रुमालाला इस्त्री करायची म्हणून. "आल्या सिस्टरबाई, नखं दाखवा रे सगळे." मला राग यायचा. आता ते म्हणणारं कुणी उरलं नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

आणि एक गोष्ट तुला सांगते, जी आम्ही दोघी कधी बोललो नाही. आमच्या घरात मधे भिंत होती, हे तू ऐकलं असशील. ती भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर जागा मोकळी होती. संध्याकाळी मी समई लावली की तिचा उजेड वरून पलीकडच्या छतावर पडायचा. तो दिसला की तुझ्या सासूबाई घंटा वाजवायच्या. घंटा ऐकली की मग मी हात जोडायची. बोलणं बंद होतं, एकमेकींच्या दारावरून जाताना आम्ही तोंडं फिरवायचो, पण एका घराची पूजा दोन बाजूंनी रोज पुरी व्हायची. मला ताप आला तेव्हा समईला उशीर झाला. त्या दिवशी घंटाही उशिराच वाजली. तुझ्या सासूबाई थांबल्या होत्या.

तुम्ही सगळे तिकडे शहरात राहायला गेलात तेव्हापासून मी घंटेविना हात जोडते. काहीतरी अर्धंच राहतं.

धाकटे, दोन घास खा. माझ्यासाठी नको खाऊस. सूनबाईला वाईट वाटतं म्हणून खा.

तुझी
ताई

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सूनबाईचं उत्तर मिळालं. अक्षर सुरेख आहे, आणि पत्राच्या तळाशी तिने लहान अक्षरांत स्वतःचं लिहिलं आहे. उलट्या गाठीचं वाचल्यावर तू पहिल्यांदा हसलीस आणि घंटेचं वाचल्यावर उठून आत गेलीस, असं ती लिहिते. जेवण मात्र तसंच, चहा आणि बिस्किटावर.

पुढे तिने मला एक प्रश्न विचारला आहे. धीट मुलगी आहे. तो तुझ्यासमोरच वाचला जावा म्हणून मी उत्तर इथे देते. ती लिहिते: "मोठ्या आई, रागावू नका. तो खळीचा वाडगा तुमच्या हातून राहिला होता ना? त्याचीच धास्ती आईंनी घेतली आहे. तुम्ही त्यांना काही सांगितलंत तर ती जाईल का?"

सूनबाई, बरं केलंस विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मी चारदा लिहून खोडलं. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलू नये. आमच्या सासूबाई म्हणायच्या, खरं बोलावं, पण ते दुसऱ्याच्या अंगावर फेकू नये. दोघींचं ऐकून लिहिते: तो वाडगा आमच्या घरातला होता. घरात काम करणारे चार हात होते आणि चारही घाईत असायचे. जे झालं ते घाईने झालं, कुणाच्या मनात पाप नव्हतं. याहून जास्त मला त्या वाडग्याबद्दल काही म्हणायचं नाही, ना तुझ्याजवळ, ना देवाजवळ.

आमच्या शाळेत दर शुक्रवारी काही मुली जाळीच्या खिडकीपाशी रांग लावायच्या. आतल्या फादरना आपली पापं सांगायच्या आणि बाहेर येताना उड्या मारत यायच्या. मला त्यांचा हेवा वाटे. आपल्याकडे असं सुटसुटीत काही नाही. पण आमच्या सासूबाई पूजा झाली की लगेच उठायच्या नाहीत. हात जोडून म्हणायच्या, "फूल कमी पडलं असेल, शब्द चुकला असेल, मन दुसरीकडे गेलं असेल, पदरात घे." रोज. चुकलं असो वा नसो. मी एकदा विचारलं की आज तर सगळं नीट झालं, मग माफी कशाची? म्हणाल्या, "आपल्याला काय दिसतं, ग? न दिसलेल्याची."

धाकटे, तुझ्यावर कुणाचं काही बाकी नाही. एवढं ऐक आणि इकडे ये. मी तुला वाडग्यातलं एकेक हाताला लावून दाखवीन. सूनबाईच्या नोकरीमुळे तिला येता येणार नाही, पण तुझा मुलगा आणून सोडायला तयार आहे. तुमची बाजू बंद पडून आहे. तिथली कोळिष्टकं काढायला सुरुवात केली आहे.

आणि त्याला मी एक गोष्ट विचारली. तो आधी हसला, मग हो म्हणाला. काय ते आल्यावर कळेल.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

घाई केलीस तर धुरळ्यात येशील, म्हणून चार दिवस थांब. गुपित ठेवायचं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. भिंत पाडली.

गवंडी आला, त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या, वर पाहिलं आणि विचारलं, "ही कुणी घातली?" म्हटलं, दोन भावांनी. "ते काय काम करायचे?" म्हटलं, पुस्तकं बांधायचे. "तरीच," म्हणाला, "नुसती चिकटवलेली आहे." मी इतकी हसले की त्याला वाटलं बाईंना धुळीने ठसका लागला. पहिला घाव मी घालणार म्हणून मी हट्ट धरला. हातोडा उचलला, घाव घातला आणि टवकासुद्धा उडाला नाही. दुकानातल्या दोघी मुली बघत होत्या. त्यांनाही एकेक घाव घालायला दिला. न बोलणाऱ्या धाकटीने वीट पाडली. तेव्हापासून ती बोलते.

दुपारपर्यंत खाली आली सगळी. पलीकडच्या खिडकीचं ऊन सरळ माझ्या देवघरापर्यंत पोचलं. ते ऊन या बाजूला मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. मी झाडू हातात घेऊन त्यात उभी राहिले आणि काही केल्या झाडायला सुचेना.

येताना घंटा आण. बाकी काही विसरलीस तरी चालेल.

तुझी
ताई

११ मार्च

प्रिय सूनबाई,

हे पत्र तुझ्या सासूबाई सांगताहेत आणि मी लिहिते आहे. मधेमधे माझं मी घालीन. तुझ्या नवऱ्याने इथे त्यांना सोडलं त्याच्या पुढचं तुला माहीत नाही, म्हणून आधी तेवढं सांगते.

दारातून आत आली तशी तिने भिंत चाचपायला हात पुढे केला. हात मोकळ्या हवेत गेला. तशीच हात पुढे धरून ती चालत राहिली, एकेक पाऊल, थेट माझ्या बाजूच्या देवघराच्या चौकटीला हात लागेपर्यंत. मग म्हणाली, "सिस्टर, भिंत कुठाय?" मी म्हटलं, "पडली." "बरं झालं. कधीचं पोक आलं होतं तिला."

पण जेवण नाही. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसवलं. तांदूळ तिच्या हातांनी निवडून घेतले, धुतानाचं पाणी तिच्या बोटांवरून सोडलं, मिठाच्या बरणीत तिचा हात घातला. भात शिजताना झाकण हलतं त्याचा आवाज ती मान कलती करून ऐकत होती. वाढल्यावर पहिला घास मी खाल्ला आणि चावण्याचा आवाज मुद्दाम मोठा केला. शाळेतल्या सिस्टरांनी ऐकला असता तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं. मग तिने एक घास घेतला. मग दुसरा. मग म्हणाली, "मीठ कमी आहे." माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं मला जन्मात इतकं गोड लागलं नव्हतं.

त्यानंतर ती दोन्ही वेळ जेवते आहे. गालावर थोडं मांस दिसायला लागलं आहे.

आता आजचं. सकाळी म्हणाली, "ताई, कागद घ्या, सूनबाईला पत्र लिहायचंय." मला वाटलं, औषधाची बाटली किंवा गरम कपडे मागवायचे असतील. मी बसले. ती म्हणाली, "लिहा. खळीचा वाडगा मी फळीवर ठेवला होता."

मी पेन थांबवलं.

"थांबलात का?" ती म्हणाली. "मला दिसत नाही, पण पेन कळतं."

मी म्हटलं की याची काही गरज नाही, मी कुणाला काही विचारलेलं नाही. तर म्हणाली, "विचारलं नाहीत म्हणूनच. चार हात घाईत होते म्हणे. त्यातले दोन माझे होते, ताई. दुसरे दोन त्या दिवशी घरात नव्हते. लिहा."

लिहिलं. सूनबाई, वाडगा तिने ठेवला होता आणि नाव माझं सांगितलं. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. ती म्हणते, तेव्हा लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, नवरा रागीट होता, हाकलून देईल असं वाटलं. आणि एकदा सांगितलं ते परत घेता येईना. नजर गेल्यापासून तर प्रत्येक वाडग्यात तोच वाडगा दिसायचा. तुझा हात वाईट नव्हता. तुझ्या हातात तिला तिचाच हात दिसायचा.

हे मला नवीन नव्हतं. इतक्या वर्षांत ते मी मनातल्या मनात हजारदा सोडून दिलं होतं, म्हणून ते मी सरळ ओळीत लिहून काढलं. माझं मलाच कौतुक वाटलं, खरं सांगते.

मग ती म्हणाली, "अजून आहे. सासूबाई जायच्या आधी म्हणत होत्या, थोरलीला बोलाव, तिच्या हातचं पाणी दे. दोनदा म्हणाल्या. मी सांगितलं, ताई घरात नाहीत. वर छतावर तुमच्या समईचा उजेड पडला होता."

मी उठले, सूनबाई. थेट दुकानात गेले. शिकंज्यात पुस्तकं दाबायला ठेवली होती. मी त्याची चक्री आवळत राहिले, पुठ्ठे कुरकुरायला लागले तरी आवळत राहिले. दोघी मुली उठून बाहेर गेल्या. इतकी वर्षं मी ज्याला क्षमा म्हणत होते ती माहीत असलेल्या चुकीची होती. ती सोपी असते, तिची सवय होते. ही दुसरी आजच आली होती, आणि ताजी होती. मला वाटलं, तिला परत पाठवावं. भिंत पुन्हा घालावी आणि या वेळी आढ्याला टेकवावी.

तेवढ्यात आतून भांडं वाजलं. ती चाचपत पाण्याचा पेला शोधत होती. जेवायची वेळ टळून गेली होती. आमच्या सासूबाई म्हणायच्या, घरात भुकेलं माणूस असलं तर आधी पान, मग भांडण. किती भांडणं अशी पानावरच विरून गेलेली मी पाहिली आहेत. आणि त्यांनी पाणी मागितलं होतं. माझ्या हातचं. हे मला आज कळलं, उशिरा कळलं, पण कळलं. त्यांच्या मनात माझ्याविषयी विष नव्हतं. तुझ्या सासूबाईंनी आज सांगितलं नसतं तर हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

मी आत जाऊन भात कालवला. ती म्हणाली, "आज मला वाढू नका. तुम्ही रागावलात."

मी म्हटलं, "राग माझा आहे, पोट तुझं आहे. तोंड उघड."

तिने तोंड उघडलं. मी भरवलं. सासूबाईंना द्यायचा राहिलेला तो घास होता, तो तिच्या मुखात गेला, आणि माझ्या घशातला दगड जागचा हलला. आम्ही दोघीही रडलो आणि भात खारट झाला. या वेळी मीठ कमी आहे असं ती म्हणाली नाही.

संध्याकाळी विचारलं तिने, "ताई, माफ केलंत?" मी म्हटलं, "आज एका घासापुरतं केलं. उद्याचं उद्या करीन. तू जेवत राहा, मी करत राहते."

मग मी समई लावली. तिने घंटा वाजवली, अगदी माझ्या कानाशी. आणि मग सासूबाईंसारखं आम्ही दोघींनी एकदम म्हटलं, न दिसलेलं ते पदरात घे. सूनबाई, मी जिंकले. कुणाविरुद्ध ते मला नीट सांगता येणार नाही, पण आज सबंध घर जिंकल्यासारखं वाटतं आहे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या आहेत.

तुझी
मोठी आई

३ एप्रिल

प्रिय सूनबाई,

पत्र वाचून तू फोन केलास तेव्हा तुझ्या सासूबाई फोन हातात घ्यायला तयार नव्हत्या. त्यांना वाटत होतं, आता सून काय बोलेल. तू विचारलंस, "आई, जेवलात का?" एवढंच. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "ही माझ्यावर गेलेली नाही. तुमच्यावर गेली." मी हे वाक्य जन्मभर मिरवणार आहे.

त्यांचं आता इथेच राहायचं ठरलं. दुकानात त्या धाग्याला मेण लावून देतात, त्याला डोळे लागत नाहीत. गाठही मारतात. उलटी. थोरल्या मुलीनेही ती उचलली आहे, आता मी कुणाकुणाला ओरडू? सुट्टीत तुम्ही दोघं आलात की त्या तुझ्या हातचं जेवणार आहेत, असं त्यांनी समईसमोर कबूल केलं आहे, आणि मी साक्षीला आहे.

तिकडच्या खोलीतल्या वस्तूंचं काय करायचं ते त्या सांगताहेत, तसं कर.

काठी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना द्यावी, त्यांची केव्हापासून नजर आहे तिच्यावर. इथे धरायला माणसं आहेत. चष्मे तिन्ही डोळ्यांच्या दवाखान्यात. सुती साड्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींना, आणि त्या स्वच्छ धुऊन, इस्त्री करून द्यायच्या. (हे इस्त्रीचं मी घातलं.) गादीची खुर्ची तुझ्या आईला, तिचे गुडघे दुखतात. रेडिओ कुणालाही नाही, तो इकडे आणायचा, नाहीतर दिवसभर मलाच गाणी म्हणायला लावतात. रेशमी साडी तुझी. ती तुझ्या आजेसासूबाईंची होती, किनार उसवू नकोस.

आता माझं थोडं. मामंजींची घडी घालायची हाडाची पट्टी माझ्यामागे दुकानातल्या धाकट्या मुलीला मिळावी, तिच्या हाताला ती बसते. कपाटात ह्यांच्या चष्म्याखाली एक बंद पाकीट आहे, तिकीट लावलेलं. ते कुणालाच नाही, उद्या खळ शिजवताना शेगडीत घालते आहे. समई आणि घंटा आम्हा दोघींच्या मागे तुझ्याकडे, दोन्ही एकत्र, एकाच घरात. त्यांची पुन्हा वाटणी करायची नाही, पुढे कुणी कितीही भांडलं तरी.

आणि एक राहिलं. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या फडक्यात बांधलेला एक पितळी वाडगा आहे. इतकी वर्षं त्यांनी तो वापरलाही नाही आणि टाकलाही नाही. तो कुणाला देऊ नकोस. चिंच लावून लख्ख घास आणि येताना घेऊन ये. त्यात भात कालवून तूच वाढायचंस, आम्ही दोघी एकाच वाडग्यातून जेवणार आहोत.

तुझ्या सासूबाई म्हणताहेत, तिला लिहा, मीठ बेताने घाल म्हणावं. तू ऐकू नकोस. तुझ्या हाताला येईल तेवढं घाल.

तुझी
मोठी आई